मुलीचा टीबी कळायला सव्वातीन महिने लागले. असं का होतं?

रानजाई | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. नवरा म्हणाला, टोपणनावानेच लिहिणार आहेस ना, मग लिही.

मुलगी १४ वर्षांची, नववीत. गेल्या आठवड्यात टीबीचं निदान झालं. छातीत पाणी झालं होतं. गोळ्या सुरू झाल्यात, ताप उतरलाय, काल पहिल्यांदा स्वतःहून भाकरी मागितली. त्यामुळे उपचाराचा सल्ला मागायला आलेले नाही. मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय की आम्ही सगळे, डॉक्टरांसकट, इतके दिवस बघत काय होतो?

नागपंचमीच्या आसपास तिला संध्याकाळी कणकण यायला लागली. सकाळी ठणठणीत. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं. गणपतीत रक्त तपासलं तर विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉइड. सलाईन, इंजेक्शनं, मऊ भात. जरा बरं वाटलं आणि दहा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत लिव्होफ्लॉक्सासिन. त्याने आठवडाभर ताप खरंच गेला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. दसऱ्याच्या सुमारास शाळेतल्या बाईंचा फोन, "वर्गात झोपते." तिसऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अभ्यासाचं टेन्शन? कुणी मुलगा वगैरे? आणि मी घरी येऊन तिला त्यावरून नको नको ते बोलले. ते अजून घशात अडकलंय.

एक्स-रे सप्टेंबरात काढला होता. "तसा क्लिअरच आहे." मांटू टेस्टही झाली (टीबीसाठी हातावर सुई टोचून बघतात ती), खाजगी लॅबमध्ये. वाचायच्या दिवशी रविवार आला म्हणून लॅबवाला म्हणाला, हाताचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठवला. उत्तर आलं, "लाली फारशी नाही, निगेटिव्ह."

खोकला जवळजवळ नव्हताच. टीबी म्हणजे खोकला आणि रुमालावर रक्त, एवढंच डोक्यात.

पण एक गोष्ट रोज माझ्या हातात होती. जूनमध्ये युनिफॉर्मच्या स्कर्टला मी नवा हूक लावून दिला होता. ऑगस्टमध्ये तिने तिचीच कमरेला सेफ्टी पिन लावली. ऑक्टोबरात दोन झाल्या. स्कर्ट धुवायला टाकताना त्या पिना काढून मी डबीत ठेवायचे, सकाळी ती परत लावायची. वजन करायचं मात्र सुचलं नाही. जूनच्या शाळेतल्या तपासणीत ४१ किलो होतं. निदान झालं तेव्हा ३५.

दिवाळीनंतर तिला श्वास घेताना डाव्या बाजूला कळ यायला लागली. चौथ्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं आणि तिथल्या तिथे म्हणाले, इथे पाणी आहे. सुईने काढलं ते पिवळसर, गवती चहासारखं दिसत होतं. मशीनवरच्या तपासणीत त्यात जंतू मिळालेच नाहीत. एडीए नावाची तपासणी वाढलेली आली आणि बाकी सगळं जुळवून टीबी ठरवला.

कुणाचा असा अनुभव आहे का?

खारीबटर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

वाचून अंगावर काटा आला. लेकीला लवकर बरं वाटो. आणि स्वतःला दोष देणं थांबव गं.

बालवैद्य | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१८

रानजाईताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत. तुम्ही लिहिलेला क्रम वाचला आणि खरं सांगतो, त्यातला एखादा डॉक्टर मीही असू शकलो असतो.

आधी तुमच्या एकेका पायरीबद्दल. विडाल आपल्याकडे कशानेही पॉझिटिव्ह येते, तिच्या जोरावर टायफॉइड म्हणणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. लिव्होफ्लॉक्सासिन हे टीबीच्या जंतूंवरही चालणारं औषध. आठवडाभर दिलं की ताप दबतो, जंतू पूर्ण मरत नाहीत आणि आजार ओळखणं महिनाभर पुढे जातं. तुमचे पेढे तिथेच फसले. आणि मांटूची लाली मोजायचीच नसते! ४८ ते ७२ तासांत त्या जागी चामडीखाली जो घट्टपणा येतो तो बोटाने चाचपून, कडा पेनने आखून पट्टीने मोजायचा. १० मिलीमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. फोटोत घट्टपणा दिसत नाही. ती टेस्ट झालीच नाही असं समजा. बरं, नीट वाचून निगेटिव्ह आली असती तरी टीबी नाही असं त्यावरून म्हणता येत नाही.

छातीत पाणी होणं हा तुमच्या मुलीच्या वयातला टीबीचा अगदी नेहमीचा प्रकार. त्या पाण्यात जंतू थोडेच असतात, म्हणून मशीनला सापडत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी जुळवाजुळव करून उपचार सुरू केले ते योग्यच केलं.

वयाचंही एक गणित आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला लागण झाली तर आजार होण्याचा धोका सगळ्यात जास्त, आणि तोही झपाट्याने. पाच ते दहा वर्षं हा त्यातल्या त्यात सुरक्षित काळ. वयात येताना धोका पुन्हा वर चढतो. पण याच वयात मुलं बालरोगतज्ज्ञाकडे यायची बंद होतात आणि फिजिशियनला ती "लहान" वाटतात. मधल्या मध्ये राहतात.

वजन सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या निकषांत तीन महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट ही टीबीची शंका घ्यायला पुरेशी आहे. ४१ किलोच्या मुलीत म्हणजे दोन किलो. तुमची पहिली सेफ्टी पिन.

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. घरात किंवा शेजारी, जवळच्या कुणाला खोकला आहे का? सव्वातीन महिन्यांत हे कुणी विचारलं होतं?

रानजाई | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

धन्यवाद डॉक्टर. नाही, पहिल्या तिघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं. चौथ्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच "नाही" म्हणाले.

सासरे खोकतात, पण ते दहा-बारा वर्षांचं जुनं आहे. बिडी होती, आता पंप घेतात. दम्याचा खोकला.

बालवैद्य | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

त्यांची थुंकी तपासून घ्या. आजच.

खडीसाखर | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१२

माझ्या मावसबहिणीचा मुलगा, डोंबिवलीला. तेव्हा अडीच वर्षांचा. सकाळी उठल्यावर उलटी, बाकी दिवसभर किरकिर. कडेवर घेतलं तरी रडायचा, खाली ठेवलं तरी रडायचा. दाढा येत असतील, पित्त असेल, पोट बिघडलंय, सगळं झालं. मावशीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. दोन आठवडे असे गेले. मग एक दिवस फोटो काढताना बहिणीच्या लक्षात आलं की एक डोळा आत वळतोय. तोवर मेंदूत पाणी साठलं होतं. मेंदूच्या आवरणाचा टीबी. ते पाणी काढायला शंट म्हणजे नळी टाकली, वर्षभर औषधं चालली.

दंडावर बीसीजी लसीचा वण होता हो त्याच्या! ताई सगळ्यांना तो वण दाखवत फिरायची. आता तिसरीत आहे, हुशार आहे, उजवा पाय किंचित ओढतो.

कुणाकडून आला ते कधी कळलंच नाही. दिवसा एक बाई सांभाळायला यायच्या, त्या मधेच काम सोडून गावी गेल्या होत्या. एवढंच.

बालवैद्य | १५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

खडीसाखर, बीसीजी नेमकी याच भयंकर प्रकारांपासून, म्हणजे मेंदूचा आणि अंगभर पसरलेला टीबी, लहान मुलांना बऱ्यापैकी वाचवते. पण बऱ्यापैकीच. वण म्हणजे कवच नाही. आणि मेंदूच्या टीबीत पहिले दोन आठवडे खरोखरच पोट बिघडल्यासारखे दिसतात. औषध सुरू करताना मूल शुद्धीवर होतं की गुंगीत, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. तिथे दिवस मोजावे लागतात.

पाटलांचा_धाकटा | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

सगळ्यांचा मान राखून उलटं बोलतो. माझ्या पुतण्याच्या मानेत वाटाण्याएवढी गाठ. सोनोग्राफीत पोटातही "गाठी". झालं, टीबी! सहा महिने गोळ्या. ना ताप, ना वजन कमी. पोरगं कबड्डी खेळत होतं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की असल्या बारीक गाठी निम्म्या पोरांना असतात. आता हा धागा वाचून प्रत्येक आई पोराच्या गळ्याला हात लावत बसेल आणि लॅबवाल्यांची दिवाळी होईल.

खारीबटर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:३४

मी काल रात्रीच लावला हात. :)

बालवैद्य | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पाटील, शंभर टक्के मान्य. नुसत्या सोनोग्राफीवर पोटाचा टीबी ठरवणं चूकच. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्या तर सरकारने २०१२ सालीच बंद केल्या, इतक्या त्या फसव्या होत्या. पण तुमच्या पुतण्याला नको ते औषध आणि ताईंच्या मुलीला हवं ते औषध उशिरा, या दोन्हींचं मूळ एकच आहे. नमुना घेतला जात नाही. गाठ खरंच मोठी असेल तर सुईने त्यातलं थोडं काढून तपासायला पाठवायचं. ते न करता एक जण गोळ्या देतो, दुसरा अँटिबायोटिक.

नमुना घेणं मुलांत कठीणच. मोठा माणूस खाकरून डबीत थुंकतो. सहा वर्षांचं मूल आलेला बेडका गिळून टाकतं. मग तो पोटातून काढावा लागतो. रात्री दाखल करायचं, पहाटे मूल अंथरुणातून उठायच्या आत, काही खाण्याआधी, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी ओढायचं. दुसऱ्या दिवशी परत. आई हात धरते, नर्स डोकं धरते, मूल किंचाळतं. कित्येक बाप पहिल्याच दिवशी पोराला उचलून घरी नेतात आणि मला त्यांचा राग येत नाही. २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांची शीसुद्धा जीनएक्स्पर्टवर, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवर, तपासायला मान्यता दिली आहे. गिळलेले जंतू शेवटी तिथेच जातात ना. हे सगळीकडे रुळलं तर पहाटेची ती झटापट बरीच वाचेल.

शेणोलीकर | १७ नोव्हेंबर, दुपारी १:०२

अवांतर: थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला गेले ते क्षयानेच, वय अवघं २७. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानेच गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. कॉखने हा जंतू शोधल्याचं १८८२ मध्येच जाहीर केलं होतं. आजार कळत होता, औषध नव्हतं. आता औषध आहे...

गोंयकार | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४४

शेणोलीकर, ते शेवटचे तीन टिंब टोचले.

इथे सगळे जीनएक्स्पर्टबद्दल बोलताहेत म्हणून सांगतो, ट्रूनॅट हे मशीन आमच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. तासाभरात जंतू आहे की नाही कळतं, आणि असेल तर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही पुढच्या तासाभरात. पण डॉक्टर म्हणाले तसं, मशीनमध्ये घालायला आधी काहीतरी हवं.

उंबरठा | १८ नोव्हेंबर, रात्री ८:२५

मी टीबीच्या सरकारी कार्यक्रमात सुपरवायझर आहे, मराठवाड्यात. मोटरसायकल आणि रजिस्टर हेच माझं ऑफिस.

आमच्याकडची दुखणी ऐका. पोस्टरवर कायम खोकणारा म्हातारा. "दोन आठवड्यांहून जास्त खोकला." मग ज्या पोरीला खोकलाच नाही ती त्या पोस्टरसमोरून रोज शाळेत जाते. नोंदी वर्षानुवर्षं दोनच खान्यांत, १४ पर्यंत मूल, १५ पासून मोठं. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांचं नेमकं काय होतंय ते या दोन खान्यांत वाटून हरवतं.

मोठ्यांचं तरी कुठे वेळेत होतं? भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली निघाला होता. त्यात लक्षण सुरू झाल्यापासून उपचारापर्यंत साधारण ५५ दिवस आणि तोवर सरासरी जवळपास तीन डॉक्टर. ताई, तुमचे चार झाले.

मुलींचं वेगळंच. एका घरी गेलो, सतरा वर्षांची मुलगी, गळ्यात गाठी. आमच्याकडे गंडमाळ म्हणतात. आई दारातच म्हणाली, "साहेब, गाडी लांब लावा. स्थळं यायला लागलीत." ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून पोरगी आठ महिने हिंडत होती. अंगारा, लेप, जडीबुटी सगळं झालं होतं. आता मी गाडी गल्लीच्या तोंडाशी देवळाजवळ लावतो. लोकांना वाटतं भाविक आहे.

आणि हो, निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद झाली का बघा. खाजगी डॉक्टरांनीही करायची असते, २०१२ पासून बंधनकारक आहे. पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे नोंद झाली तर आमचा माणूस घरी येऊन बाकीच्यांना तपासतो. नोंद नाही तर कुणी फिरकत नाही.

निसर्गोपचारी | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

लसूण घालून उकळलेलं दूध, सकाळी अनशापोटी. फुप्फुसं स्वच्छ होतात. केमिकलच्या गोळ्यांनी लिव्हर जातं.

बालवैद्य | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

दूध जरूर द्या. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. लिव्हरवर लक्ष ठेवायला आम्ही आहोत. भूक एकदम गेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले की लगेच दाखवायचं. औषध न घेतल्याने काय होतं तेही सांगतो: २०१७ साली एका अभ्यासगटाने जगभरातल्या मुलांच्या टीबीमृत्यूंचा अंदाज बांधला, तर गेलेल्यांपैकी ९६ टक्के मुलांना उपचार सुरूच झाले नव्हते. औषध घेऊन मेलेली मुलं फार थोडी.

रानजाई | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

सासऱ्यांचा रिपोर्ट आला. थुंकीत जंतू आहेत. रिफाम्पिसिन चालेल असं आलंय, तेवढं बरं.

डॉक्टरांनी इथे "आजच" लिहिलं होतं, आम्हाला पाच दिवस लागले. आधी नवराच तयार होईना, "बाबांना आता या वयात कशाला?" मग ते स्वतः म्हणाले, माझा दमा आहे, मला माहितीये माझा खोकला. शेवटी मी चहा देताना सांगितलं, तिच्यासाठी द्या. काही बोलले नाहीत. सकाळी डबी भरून खिडकीत ठेवलेली होती, वर झाकण, झाकणावर वर्तमानपत्राचा तुकडा.

मुलगी त्यांच्याच खोलीत अभ्यास करते. मधल्या खोलीत उजेड कमी म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी तिचं टेबल तिथे हलवलं होतं. खिडकी बंद, कारण त्यांना वारा सोसत नाही. बरोबर चौदा फूट बाय दहा.

रिपोर्ट आल्यापासून ते ताट घेऊन अंगणात बसतात. कुणी सांगितलं नाही. काल लेक तिचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, दोघांना सेमच आहे, आता कसली भीती?" ते उठून नळावर गेले, बराच वेळ हात धूत होते.

उंबरठा | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

ताई, आजोबांना अंगणात जेवायला लावू नका. ताटातून टीबी होत नाही, हवेतून होतो. तोंडाला मास्क आणि खोलीची खिडकी उघडी, एवढं पहिले काही आठवडे सांभाळा. दम्याचा पंप आणि टीबी दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, त्यामुळे ते खोटं बोलत नव्हते.

घरात पाच वर्षांखालचं कुणी?

रानजाई | २४ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

धाकटा, चार वर्षांचा. खेळतोय, खातोय. ताप नाही.

बालवैद्य | २४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

त्याला तपासून घ्या, वजन आणि एक्स-रेसकट. आजार नसेल तर प्रतिबंधाची गोळी सुरू करतील. आयसोनियाझिड, रोज, सहा महिने. चांगला आहे ना मग कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. चांगला आहे तेव्हाच द्यायची असते ती. आणि तुम्ही दोघं नवराबायकोही तपासून घ्या.

पाटलांचा_धाकटा | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:५५

रानजाईताई, मागचं थोडं उद्धटपणे लिहिलं गेलं. माझे वडीलही गेली तीन वर्षं खोकतात. उद्या नेतोय.

रानजाई | ३ डिसेंबर, रात्री १०:०८

धाकट्याचा एक्स-रे स्वच्छ आहे. हा मी दोन डॉक्टरांना दाखवला. आम्हा दोघांचंही काही नाही. त्याची गोळी सुरू झाली. लेकीचं वजन सव्वा किलोने वाढलंय. आजोबांची खिडकी उघडी असते, त्यावरून रोज कुरबूर.

तीन वेळच्या औषधांचा गोंधळ नको म्हणून तिघांच्या गोळ्या सकाळी एकत्रच, देवघराशेजारच्या फडताळात. लेकीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, आजोबांचीही. हे कुणीतरी धाकट्याला सांगितलं. त्याच्या गोळीने तसं होत नाही म्हणून दोन दिवस रुसलाय. रोज सकाळी बाथरूममधून ओरडतो, "आई, आज पण पांढरीच!"